परोपकाराची सायकलयात्रा

ब्रिटन बेटाचा नकाशा पुढे घेऊन पाहिला, तर त्याच्या नैर्ऋत्य टोकाला लँड्स एन्ड हे नाव दिसेल. या नावाचा अर्थ 'भूमीचा अंत' असा आहे. तेथे कॉर्नवॉल परगण्याचे काळे कातळ अटलांटिक महासागरात उतरतात. आता बोट तिरपे वर नेत ईशान्य टोकाजवळ आणले, की स्कॉटलंडमधील जॉन ओ'ग्रोट्स हे लहानसे गाव लागते. सरळ रेषेत मोजले, तर या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे ९७० किलोमीटर आहे. परंतु डोंगर, खाड्या आणि शहरे यांना वळसे घालीत जाणाऱ्या रस्त्याने ते सुमारे १,४०० किलोमीटर भरते. दरवर्षी पुष्कळ माणसे हा सारा मार्ग सायकलवरून आक्रमितात. बहुतेकांना त्यासाठी दहा ते चौदा दिवस लागतात.

ही हौस काही आजची नाही. १८८६ साली जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स या एकोणीस वर्षांच्या तरुणाने हे अंतर ५ दिवस, १ तास आणि ४५ मिनिटांत तोडले. त्याच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच होते आणि मागचे अगदीच लहान. चाकांवर भरीव रबराच्या धावा होत्या. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाडांना जाणवत असे. पुढे दोनच वर्षांनी, १८८८ साली, जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलचा लांबचा प्रवास सुसह्य झाला.

परंतु या मार्गाने जाणारे सगळेच काही विक्रमासाठी जात नाहीत. त्यांपैकी पुष्कळजण रुग्णालयासाठी, अनाथ मुलांसाठी, अंधांसाठी किंवा एखाद्या रोगावरील संशोधनासाठी पैसा जमवावा, या हेतूने निघतात. सायकल चालविल्याने रुग्णालयाला पैसा कसा मिळतो, हा प्रश्न तुमच्या मनात साहजिकच येईल. त्याची रीत सोपी आहे. स्वार प्रथम एक धर्मादाय संस्था निवडतो. मग तो शेजारी, नातलग, शिक्षक, दुकानदार यांच्याकडे एक कागद घेऊन जातो आणि म्हणतो, "मी एवढे अंतर सायकलने जाणार आहे. या संस्थेसाठी तुम्ही मैलामागे काय द्याल?" ब्रिटनमध्ये रस्त्याचे अंतर अजून मैलांतच मोजतात. कोणी मैलाला एक पेनी लिहितो, कोणी पाच पेन्स, तर कोणी यात्रा पुरी झाल्यावर एकरकमी दहा पौंड देण्याचे कबूल करतो. आता हे काम इंटरनेटवरूनही होते. परंतु त्यामागील करार तोच आहे.

मैलाला एक पेनी ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण मार्ग ८७४ मैलांचा धरला, तर एका देणाऱ्याचे ८७४ पेन्स, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ पौंड होतात. आणि असे शंभर दाते मिळाले, तर ८७४ पौंड जमतात. शिवाय ब्रिटनमध्ये एखाद्या करदात्याने आवश्यक तो कागद भरून धर्मादाय संस्थेला एक पौंड दिला, तर सरकार त्या संस्थेला आणखी २५ पेन्स देते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे. प्रवासातील जेवणाचा आणि मुक्कामाचा खर्च स्वाराने स्वतः सोसावा व दानाचा पैसा दानालाच जावा, अशी शिस्त चांगली पथके पाळतात.

येथे कोणी विचारील, "पैसा द्यायचाच असेल, तर लोक तो घरबसल्या का देत नाहीत?" याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. दुसऱ्यासाठी कोणी देह झिजवताना दिसला, की पाहणाऱ्याच्या मनातील सद्भाव जागा होतो. इंग्लंडचा क्रिकेटपटू इयन बोथम याचे उदाहरण पाहा. १९८० साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर एकाच कसोटी सामन्यात शतक काढून तेरा बळी घेणारा खेळाडू तो हाच. १९७७ साली पायाच्या दुखापतीमुळे तो टाँटन येथील रुग्णालयात गेला होता. तेथे त्याने काही लहान मुले पाहिली. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता, आणि त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे उरले होते. ते दृश्य तो विसरला नाही. १९८५ साली तो जॉन ओ'ग्रोट्सहून निघाला आणि लँड्स एन्डपर्यंत पायी चालत गेला. या रोगावरील संशोधनासाठी त्याने लाखो पौंड जमविले. अशा अनेकांच्या दानातून आणि शास्त्रज्ञांच्या परिश्रमांतून आज ब्रिटनसारख्या देशांत त्या रोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातून दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

आता अशा यात्रेतील एक दिवस कसा जातो, ते पाहू. त्यासाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील टाइनड्रम ते फोर्ट विल्यम हा सुमारे ४८ मैलांचा, म्हणजे ७७ किलोमीटरांचा टप्पा घेऊ. महिना जूनचा आहे, पथकात दहा स्वार आहेत, त्यांनी दक्षिणेकडून हजार किलोमीटर मजल मारली आहे, आणि सामानाची एक मोटारगाडी त्यांच्या मागून येत आहे, असे समजू.

सकाळी पहिले काम सायकलीचे. टायरांतील हवा, ब्रेक, साखळी आणि मागचा लाल दिवा हे सारे तपासून झाले, की दुसरे काम आकाशाचे. सूर्य तर लख्ख उगवला आहे. पण उंचावर पिसांसारखे पांढरे ढग पसरत आहेत आणि सूर्याभोवती फिकट खळे पडले आहे. नवशिका म्हणतो, "आज हवा छान आहे." पथकप्रमुख मात्र सर्वांना पावसाचे कोट वरच ठेवायला सांगतात. त्याचे कारण असे : अटलांटिक महासागरावर कमी दाबाचे मोठमोठे भोवरे तयार होतात आणि पूर्वेकडे सरकत ब्रिटनवरून जातात. त्यांना आवर्त म्हणतात. आवर्तात दक्षिणेची उबदार हवा आणि उत्तरेची थंड हवा यांची गाठ पडते. उबदार हवा थंड हवेवर चढते, तेव्हा प्रथम हे पिसांसारखे ढग दिसतात. मग दाट ढग येतात, आणि त्यामागून पाऊस. आपल्याकडे पावसाळा एकदा आला, की चार महिने त्याचे राज्य असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक सगळा त्या चार महिन्यांतच. फोर्ट विल्यमला सुमारे दोन हजार मिलिमीटर पडतो. परंतु तो बाराही महिने विखुरलेला असतो. म्हणूनच तेथे एका दिवसात ऊन, धुके, पाऊस आणि गारा यांची गाठ पडणे नवलाचे नाही.

न्याहारीला ओट धान्याची गरम लापशी असते. दिवसभर सायकल हाकणाऱ्याला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट अन्न लागते. ते एकदम खाता येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या खिशात केळी, पाव आणि मनुका असतात. भुकेने पोट ओरडेपर्यंत थांबायचे नाही, तासातासाने थोडे थोडे खायचे, हा नियम आहे. अंगात सुती सदरा नको, लोकरीचा हवा; कारण सूत पाणी धरून ठेवते आणि अंगाला गार चिकटते, तर लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून गाडीत ठेवलेला असतो.

पहिले दहा किलोमीटर झपाट्याने जातात. ब्रिज ऑफ ऑर्की येथील पुलाजवळचे गाव मागे पडते, टल्ला सरोवर डावीकडे येते, आणि रस्ता वळणे घेत वर चढू लागतो. येथे गिअर उपयोगी पडतात. हलक्या गिअरात पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागतो. चढण तीच असते. आपण ती लहान लहान घासांनी खातो, एवढेच. चढावर अंग तापते आणि घाम येतो. अनुभवी स्वार अशा वेळी कोटाची गुंडी सोडतो; कारण आतून घामाने भिजणे आणि बाहेरून पावसाने भिजणे, दोन्ही सारखीच वाईट. तोच पहिले थेंब पडतात, आणि बघता बघता सारे डोंगर दिसेनासे होतात.

चढ संपतो तेथे रॅनॉख मूर हा विस्तीर्ण माळ सुरू होतो. हिमयुगातील बर्फाने खरवडून ठेवलेले ग्रॅनाइटचे गोटे, असंख्य डबकी आणि लहान सरोवरे, आणि त्यांच्या मध्ये अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, भिजलेली जमीन असे याचे रूप आहे. या जमिनीला पीट म्हणतात. ती इतकी मऊ आहे, की १८९४ साली सुरू झालेला लोहमार्ग या माळावरून नेताना अभियंत्यांना झाडांची मुळे, फांद्या, माती आणि राख यांचे जाड थर पसरून त्यांवर रूळ टाकावे लागले. रस्त्याचा सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटरांवर आहे. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ही उंची काहीच नव्हे. परंतु ब्रिज ऑफ ऑर्कीपासून पुढे सुमारे वीस किलोमीटर येथे ना घर, ना दाट झाडी. वाऱ्याला अडवील असे काहीच नाही.

माळाच्या मध्यावर हवा पुन्हा पालटते. आवर्ताची मागची बाजू, म्हणजे थंड हवेची लाट, आता येऊन ठेपली आहे. इतका वेळ नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा एकाएकी पश्चिमेकडे वळतो, पावसाची जोरदार सर कोसळते, तीत बारीक गारा असतात, आणि पारा झरझर उतरतो. ओले अंग आणि वारा यांची युती फार घातक असते. पाणी शरीरातील उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. गोठणबिंदूच्या खाली तापमान गेले, तरच माणूस गारठतो, अशी आपली समजूत असते. पण आठ-दहा अंश तापमानातही ओलाचिंब माणूस गारठून अत्यवस्थ होऊ शकतो.

अशा वेळी पथकप्रमुखांचे लक्ष सायकलींकडे नसते, माणसांकडे असते. सकाळपासून बडबड करणारा एक तरुण गप्प झाला आहे. तो थरथरत आहे. केळ्याची साल त्याच्या बोटांना सोलता येत नाही, आणि प्रश्न विचारला तर शब्द जड जिभेने येतात. ही सारी शरीर फार थंड झाल्याची लक्षणे आहेत. पथकप्रमुख तत्काळ सर्वांना थांबवितात आणि गाडी बोलावितात. तरुण मान हलवितो. "मी थांबणार नाही," तो म्हणतो. "मी लोकांना शब्द दिला आहे. गाडीत बसलो, तर तो मोडेल."

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याच्या कागदावर साठ माणसांची नावे आहेत. मैलामागे पैसे ठरले आहेत, आणि ते पैसे आजारी मुलांसाठी आहेत. मग त्याने पुढे जावे काय? पथकप्रमुख शांतपणे सांगतात, "तू शब्द दिलास तो प्रामाणिकपणे सायकल चालविण्याचा, जीव धोक्यात घालण्याचा नव्हे. ज्या रुग्णालयासाठी निघालास, तेथे खाटेवर पडलास, तर कोणाचे भले होणार?" त्याचे ओले कपडे गाडीत उतरवितात, कोरडे चढवितात, डोक्याला लोकरीची टोपी घालतात, अंगाभोवती दोन घोंगड्या गुंडाळतात, आणि शुद्ध नीट आहे, घोट गिळता येतो, असे पाहून गरम गोड चहा थोडा थोडा पाजतात. त्याचे अंग जोराने चोळत नाहीत, की त्याला विस्तवाशी नेऊन बसवीत नाहीत; ऊब हळूहळूच आली पाहिजे. अर्ध्या तासाने त्याच्या गालांवर रंग येतो. त्याची थरथर थांबली नसती, तर गाडी थेट डॉक्टरकडे गेली असती.

उरलेले नऊजण पुढे निघतात. माळ संपता संपता बुअखल एटिव्ह मोर, म्हणजे 'एटिव्हचा थोर गुराखी', हा हजार मीटरांहून उंच पहाड ढगांतून डोके काढतो, आणि रस्ता पश्चिमेकडे वळून ग्लेन्कोच्या दरीत शिरतो. आता वारा थेट तोंडावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला, तर विरोध चौपट होतो. एकट्याने त्याच्याशी झुंजणे कठीण. म्हणून स्वार एकामागे एक अशी रांग करतात. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे सुमारे पाव हिस्सा श्रम वाचतात. पुढचा थकला, की बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. सर्वांत बलवान असतो तो थोडा अधिक वेळ पुढे राहतो, दुबळा थोडा कमी. परंतु वेग ठरवायचा तो सर्वांत दुबळ्याच्या मानाने.

ग्लेन्कोच्या उतारावर श्रम संपतात, पण सावधपणा वाढवावा लागतो. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असले, की आधी पाणी पुसले जाते आणि मगच चाक धरले जाते. तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. म्हणून ब्रेक आधीपासून हलके हलके दाबीत उतरावे लागते. पायांना काम नसल्याने अंगात उष्णता निर्माण होत नाही, आणि वेगाचा वारा मात्र वाढतो. यास्तव उतरण्यापूर्वीच कोट गळ्यापर्यंत बंद करतात. दोहों बाजूंना उभे कडे, त्यांवरून सुटलेले पांढरे ओहोळ आणि खाली वाहणारी नदी अशी ही दरी अत्यंत सुंदर आहे. पण तिची एक आठवण दुःखाची आहे. १६९२ सालच्या फेब्रुवारीत येथील मॅक्डोनल्ड कुळातील लोकांनी काही सैनिकांना पाहुणे म्हणून घरी ठेवून घेतले होते. त्या पाहुण्यांनीच एका पहाटे यजमानांपैकी सुमारे अडतीस जणांची हत्या केली. आणि जे डोंगरात पळाले, त्यांपैकी कित्येक बर्फात गारठून मेले. तीन शतके उलटली, तरी हा विश्वासघात त्या मुलखाच्या स्मरणातून गेलेला नाही.

दरीच्या तोंडाशी खाडीचे पाणी लागते. बॅलाहूलिशचा पूल ओलांडून रस्ता ईशान्येला वळतो आणि लिनी खाडीच्या काठाने धावू लागतो. सकाळपासून छळणारा वारा आता पाठीशी येतो. ढग फाटतात, पश्चिमेचे ऊन पाण्यावर चमकते, आणि पूर्वेच्या डोंगरावर सरीमध्ये इंद्रधनुष्य उमटते. सगळे विसाव्यासाठी थांबतात; पण वारा जरा पडला, की दमट गवतातून मिज नावाची बारीक चावरी चिलटे थव्यांनी उठतात! वाहत्या वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. ज्या वाऱ्याला दिवसभर नावे ठेवली, त्याचीच मग सर्वजण वाट पाहू लागतात.

संध्याकाळी पथक फोर्ट विल्यमला पोहोचते. जूनमध्ये येथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. गावाच्या डोक्यावर बेन नेव्हिस हा १,३४५ मीटर उंचीचा, ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ पर्यंत एक वेधशाळा होती. तेथे निरीक्षक हिवाळ्यातही राहत आणि रात्रंदिवस दर तासाला हवेच्या नोंदी घेत. त्या नोंदी शास्त्रज्ञांना आजही उपयोगी पडतात.

मुक्कामावर साखळ्या पुसून त्यांना तेल दिले जाते, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले जातात आणि उद्याच्या हवेचा अंदाज ऐकला जातो. मग अंतराची वही निघते. नऊजण आपल्या नावापुढे ४८ मैल लिहितात. दहावा, आता पूर्ण बरा झालेला, वही पुढे ओढतो. तो थांबला होता ती जागा टाइनड्रमपासून सोळा मैलांवर होती. उरलेले बत्तीस मैल तो गाडीतून आला. खरे म्हणजे त्याने ४८ लिहिले असते, तरी दूर दक्षिणेत बसलेल्या साठ दात्यांना ते कधीच कळले नसते. तो १६ लिहितो, क्षणभर थांबतो आणि खाली सही करतो. मैलाला पैसे देणारे आता त्या बत्तीस मैलांचे पैसे कापतील, किंवा खरे कारण समजल्यावर पूर्ण रक्कमही देतील. तो त्यांचा प्रश्न. त्याने आपले काम केले आहे.

मुलांनो, परोपकाराच्या यात्रेत पायांचे बळ लागते, हवेचे ज्ञान लागते आणि सोबत्यांची साथ लागते. परंतु या सर्वांना जोडणारी वस्तू एकच : विश्वास. देणाऱ्याने घेणाऱ्याला पाहिलेले नसते. तो मध्ये उभ्या असलेल्या स्वाराच्या शब्दावर पैसे देतो. तो शब्द खरा राहतो, तोवर पेनी-पेनीने रुग्णालये चालतात. वादळाला पाठ न दाखविणे हे धैर्य आहे. पण थांबण्याची वेळ ओळखणे आणि जेवढे केले तेवढेच सांगणे, यालाही तितकेच धैर्य लागते.

अभ्यास

१. मैलामागे एक पेनी देणाऱ्या शंभर दात्यांकडून किती पौंड जमतात, ते हिशेब मांडून दाखवा.
२. सूर्याभोवतीचे खळे पाहून पथकप्रमुखांनी पावसाचे कोट वर ठेवायला का सांगितले?
३. कारणे द्या : (अ) चढापेक्षा उतारावर अधिक थंडी वाजते. (आ) लांबच्या प्रवासात सुती सदऱ्यापेक्षा लोकरीचा बरा.
४. तरुणाने वहीत १६ मैलच का लिहिले? तुम्ही त्याच्या जागी असता, तर दात्यांना कसे पत्र लिहिले असते? ते लिहून काढा.
५. वाक्यांत उपयोग करा : मजल मारणे, देह झिजवणे, नावे ठेवणे, पाठ दाखविणे.